बटणांचा प्लेअर, शक्यतो स्वस्त

४ जानेवारी

प्रिय खटक्या,

घाबरू नकोस, कोणी गेलेलं नाही. मावशीसुद्धा नाही, ती आपल्या सगळ्यांना पोचवूनच जाणार आहे. दोन वर्षं ज्या बहिणीशी बोलणं नाही तिचं अक्षर अचानक पाकिटावर दिसलं की माणसाच्या मनात पहिलं काय येतं ते मला ठाऊक आहे, म्हणून हे आधी सांगून टाकलं.

काम साधं आहे. मला गाणी ऐकायचं छोटं यंत्र घ्यायचंय. मोबाईल नको, तो आहे. फक्त गाणी वाजवणारं, अॅप्रनच्या खिशात मावणारं आणि स्वस्त. स्वस्त म्हणजे किती, तर एक पूर्ण कवळी करायची मला जेवढी मजुरी मिळते तेवढं. वरचे चौदा दात, खालचे चौदा दात. त्यावर एक दाढही जास्त देणार नाही.

तू म्हणशील, मोबाईलवर ऐक की. ऐकलं असतं. पण माझी बोटं दिवसभर प्लास्टरमध्ये असतात, आणि प्लास्टर लागलेलं बोट त्या काचेला बोट वाटतच नाही. कितीही चोळा, ती ढिम्म. परवा एक रडकं गाणं लागलं, हात दोन्ही भरलेले, शेवटी मी नाकाने बदललं. आमच्या पॉलिशवालीने ते पाहिलं. ही माझी लॅबमधली जोडीदारीण, मी केलेल्या कवळ्यांना ती चकाकी आणते, आणि माझ्या आयुष्यालाही आणणं हे आपलंच काम आहे असा तिचा समज आहे. ती म्हणाली, "नाकाने गाणी लावण्यापेक्षा बटणांचा प्लेअर घे ना. मिळतात अजून." म्हणून हे पत्र.

तुला का विचारते? तुझा धंदाच आवाजाचा. नाटकांना माईक तू लावतोस, कुठल्या नटाचा घसा बसलाय ते पडद्यामागून ओळखतोस. मी जर दुकानदाराला विचारलं तर तो मला सगळ्यात महागाचं देईल, आणि शेजाऱ्यांना विचारलं तर सगळे आपापल्या भाच्याला फोन लावतील.

मला टेपरेकॉर्डरसारखं काहीतरी हवंय. आपल्या घरी तो आला तेव्हा त्याला हात लावायचा हक्क फक्त तुझा होता, वय वर्षं आठ. बाबांना बटणांची भीती, आईला विजेची, आणि मला तुझी, चौदा वर्षांची घोडी असून. गाणं टेप करायचं म्हणजे लाल बटण आणि त्याच्या शेजारचं, दोन्ही एकदम दाबायची. तू जीभ बाहेर काढून दाबायचास. खट्! तेच तुझं नाव पडलं. तसं, दाबलं की बोटाला कळणारं बटण हवं. कानाला नाही कळलं तरी चालेल. बोटाला कळलं पाहिजे.

(पेन्सिल घालून कॅसेट गुंडाळण्याची आठवण मी काढणार नाही. ती हल्ली ज्यांनी जन्मात कॅसेट पाहिली नाही तेसुद्धा काढतात.)

मेसेज का नाही केला म्हणशील. मेसेज केला की तू दोन निळ्या खुणा दाखवून गप्प बसशील. कागदाला निळ्या खुणा नसतात, त्यामुळे मला निदान आशा धरता येते. फोन का नाही केला, ते विचारू नकोस.

तुझी,
ताई

२२ जानेवारी

प्रिय खटक्या,

तुझं पत्र मिळालं. पत्र म्हणजे तालमीच्या वेळापत्रकाच्या पाठीवर पाच मुद्दे. एक, बटणं. दोन, कार्ड घालायची सोय. तीन, बॅटरी वीस तास चालली पाहिजे. चार, वायरचे इयरफोन, बिनवायरचे हरवतील. पाच, दुकानात ऐकून मगच घे. वर 'प्रिय' नाही, खाली 'तुझा' नाही. औषधाच्या बाटलीवर याहून जास्त माया असते, ती निदान 'हलवून घ्या' असं तरी म्हणते.

पण उत्तर आलं. मी ते लॅबच्या फळीवर, दातांच्या डॉक्टरांकडून आलेल्या चिठ्ठ्यांच्या शेजारी टाचणीने लावलंय. डॉक्टरांच्या चिठ्ठ्यांपेक्षा तुझं अक्षर बरं आहे, एवढं कौतुक पुरे.

शनिवारी दुकानात गेले. काचेच्या कपाटात इस्त्र्या, गजराची घड्याळं आणि गाण्याची यंत्रं एकाच कुटुंबातली असल्यासारखी दाटीवाटीने बसलेली. दुकानदार माणूस भला, पण मिशीआडून बोलतो. अशा मिशांवर खरं तर कर बसवला पाहिजे. मी तुझे मुद्दे पाठ करून गेले होते, ते म्हणून दाखवले. मग त्याने बरंच काही विचारलं. मी म्हटलं, हो ना. त्याने आणखी काही विचारलं. मी म्हटलं, बरोबर. त्याने खालचा खण उघडून एक डबा काढला आणि डब्याकडे बोट दाखवून हसत हसत काहीतरी म्हणाला. मी म्हटलं, छान. पाच मिनिटांत खरेदी आटोपली. बायका खरेदीला वेळ लावतात म्हणणाऱ्यांनी बघायला यायला हवं होतं.

लॅबमध्ये येऊन डबा उघडला, तर आत गुलाबी. वर दोन कान. सशाचे. मऊ रबराचे, वाकवले की पुन्हा उभे राहतात.

"अगं, हे पोरांचं आहे!" पॉलिशवाली.

"मग?"

"मग काय मग? कुणासाठी हवंय ते त्याने विचारलं नाही?"

"विचारलं की."

"मग तू काय सांगितलंस?"

"हो ना."

ती माझ्याकडे बघत राहिली. कवळी तोंडात बसत नसली की ती अशी बघते, हिरडीचं माप चुकलं की दात चुकले ते ठरवत.

असो. बटणं आहेत, कार्ड जातं, बॅटरी चालते, इयरफोन वायरचे. पाचातले चार मुद्दे जमले. सशाच्या कानांनाही माझी हरकत नाही, लॅबमध्ये नाहीतरी जबडे पसरलेले असतात, त्यांत कान चालून जातील. फक्त एक तक्रार. आवाजच नाही. शेवटच्या आकड्यापर्यंत चढवला तरी गाणं भिंतीपलीकडच्या घरात लागल्यासारखं येतं, आणि पलीकडचे लोक फार सज्जन असल्यासारखं. पॉलिशवालीने एक इयरफोन आपल्या कानात घातला आणि विंचू चावल्यासारखा काढून फेकला. "कान फाडून घ्यायचेत का?" पण तिचं काय धरायचं. मशिनच्या किरकिरीचा त्रास होतो म्हणून ती अठरा वर्षं कानात बोळे घालून काम करते. नाजूक बाई. मी तिला हसते.

तर यंत्र बिघडलेलं आलं असेल का? कळव.

तुझी,
ताई

१० फेब्रुवारी

प्रिय खटक्या,

या वेळी तीन मुद्दे. पाचावरून तीन, या गतीने एप्रिलपर्यंत कोरा कागद येईल.

तुझं म्हणणं कळलं. ते यंत्र लहान मुलांचं आहे आणि त्यांचे कान बिघडू नयेत म्हणून त्याचा आवाज मुद्दामच एका मर्यादेपुढे जाऊ देत नाहीत. तरी तेवढा आवाज मोठ्या माणसालाही भरपूर होतो. आणि तिसरा मुद्दा, 'तुला कमी कसा वाटला?' शेवटी प्रश्नचिन्ह. दोन वर्षांत तू मला विचारलेला हा पहिला प्रश्न. त्याचं उत्तर असं की लॅबमध्ये गोंगाट फार असतो.

ससा मी खालच्या मजल्यावरच्या बाईंच्या नातीला देऊन टाकला. ती खूश आहे, बाई नाहीत. माझी एक कवळी गेली.

मावशी येऊन गेली. चपला काढायच्या आधीच सुरू.

"त्याला पत्रं लिहितेस म्हणे?"

"तुला कुणी सांगितलं?"

"त्यानेच. आणि पत्रात काय, तर गाण्याचं यंत्र कुठलं घेऊ! दोन वर्षांनी! लाज कशी नाही वाटत गं?"

"यंत्र हवं होतं म्हणून विचारलं."

"त्या पोराची बायको घर सोडून गेली. जगात कुणाला सांगितलं नाही त्याने, मला नाही, मित्रांना नाही. तुला फोन केला. वीस मिनिटं मन मोकळं केलं बिचाऱ्याने, आणि तू काय म्हणालीस? छान! छान म्हणालीस आणि फोन ठेवलास!"

मावशी समोरासमोर बसते, खणखणीत बोलते आणि तिला मिशी नाही. तिचा एक शब्द चुकत नाही, दुर्दैवाने.

मी तिला दोन वर्षांपूर्वी जे सांगितलं होतं तेच पुन्हा सांगितलं, की तुझी बायको मला पहिल्यापासून पसंत नव्हती, गेली ते बरं झालं, म्हणून म्हणाले छान. तुझ्यापर्यंत ते तेव्हाच पोचलेलं असणार. मावशीला गुपित सांगणं म्हणजे ते भोंग्यावरून जाहीर करणं.

यावर मला आज काही लिहायचं नाही. पुढचं सगळं गाण्यांबद्दल आहे.

तुझ्याकडे त्या कॅसेटी आहेत का अजून? बाबा गेल्यावर घर आवरलं तेव्हा मी भांडी घेतली आणि तू कॅसेटींचा खोका. मला तेव्हा वाटलं, काय वेडा आहे हा. आता त्या भांड्यांतली निम्मी गळतात.

रेडिओवरून टेपला जोडायची वायर आपल्याकडे नव्हती. म्हणून रेडिओ स्टुलावर, टेप त्याच्या समोर बाकावर, आणि आवडतं गाणं लागलं रे लागलं की घरात संचारबंदी. "कोणी बोलायचं नाही!" असं तू ओरडायचास, आणि दर गाण्याच्या सुरुवातीला तेच टेप व्हायचं. आई हातातलं पातेलं तसंच धरून ओट्यापाशी उभी राहायची. गाणं लांबलं तर तिचे हात थरथरायला लागायचे, आणि शेवटी ती ते अगदी हळू, हळू म्हणजे किती हळू, खाली ठेवायची, तरी ठण् व्हायचंच. तू तिच्याकडे असं बघायचास जसं काही तिने गायिकेच्या तोंडावर हात ठेवला. बाबा शिंक दाबून धरायचे. बरोबर दुसऱ्या कडव्यापर्यंत. मग अशी शिंक, की तबलजी दचकला असावा.

आणि आपण दोघं स्टुलापाशी, मांडीला मांडी लावून, हसू दाबत. तुझ्या डोक्याला खोबरेलाचा वास. मी तुला चिमटे काढायची, तुला ओरडता यायचं नाही. घरात मोठी असल्याचा तेवढाच फायदा मला मिळाला.

अजून ते गाणं कुठे लागलं, हॉटेलात, रिक्षात, की मी दुसऱ्या कडव्याला थांबते. शिंक येत नाही. सगळं स्वच्छ, गुळगुळीत, आणि गाणं अपुरं. दुकानदार सांगतात साठ हजार गाणी मावतात. मला साठ हजार गाण्यांचं काय करायचंय? मला ती शिंकेची शंभर-सव्वाशे मिळाली तर बस आहेत. खोका फेकून दिला असशील तर तसं सांगू नकोस.

तुझी,
ताई

६ मार्च

प्रिय खटक्या,

पार्सल आलं.

काडेपेटीहून जरासं मोठं, काळं, पाठीला चिमटा, पाच बटणं. मधलं दाबलं की बोटाला कळतं. पाठीवर ओरखडे आहेत आणि एका कोपऱ्याचा रंग उडालाय, म्हणजे दुकानातलं नाही, तुझ्या वापरातलं आहे. मग तू आता कशावर ऐकतोस, ते लिहिलं नाहीस. मी पाठीवरून बोट फिरवलं. तुझ्या खिशातल्या किल्ल्यांचे असावेत ते ओरखडे.

आणि चिठ्ठीत मुद्दे नाहीत! 'ताई, कॅसेटी सगळ्या उतरवून कार्डावर भरल्यात. शिंक तिसऱ्यात आहे. सातवं आधी ऐक.' संपलं. पण वर 'ताई' आहे. पॉलिशवालीला दाखवलं. ती म्हणाली, "अक्षर सुधारलं की गं त्याचं." तिला अशा गोष्टी कळतात.

तू म्हणालास सातवं आधी ऐक, म्हणून मी एकपासून सुरुवात केली. मोठी आहे मी.

हातात एक मेणाची कवळी होती, दात बसवायचे होते. एका निवृत्त मास्तरांची. दोन तासांत मी तिचे चार दात बसवले, त्यातले दोन वाकडे. तुझं "कोणी बोलायचं नाही" आलं आणि मेण हातातच वितळलं. किती किरटा आवाज होता रे तुझा, मला तो आता असा लांबून, गुदमरल्यासारखा येत होता, पण होता. मग आईचं पातेलं. ठण्. मग तिसऱ्यात, मी काम खाली ठेवून वाट बघत बसले, दुसरं कडवं आलं, आणि बाबा शिंकले. मी चक्क मोठ्याने म्हणाले, "पाणी प्या." हे मी लहानपणी म्हणायची. बाबा जाऊन अकरा वर्षं झाली, आणि भर दुपारी मी प्लास्टरच्या जबड्यांसमोर बसून त्यांना पाणी प्या म्हणते आहे. दारात उभा असलेला डॉक्टरांचा माणूस कवळी न घेताच परत गेला.

घरातलं सगळं आहे त्यात. कडीचा आवाज, पाट सरकवल्याचा, खालून जाणाऱ्या ट्रकचा. मी तेव्हा या सगळ्याला व्यत्यय म्हणायची. गाणी कुठेही मिळतात. व्यत्यय फक्त तुझ्याकडे होता.

सातवंही ऐकलं. छान आहे.

तुझी,
ताई

७ मार्च

खटक्या,

कालचं पत्र पेटीत पडलं ते परत काढता येत नाही. मी मनगटापर्यंत हात घालून पाहिला. म्हणून हे दुसरं. दोन्ही एकदम हाती पडली तर काल लिहिलेल्याचा शेवट वाचू नकोस.

सातव्यात मला काही ऐकू आलं नाही.

गाणं ऐकू आलं, तेही अर्धंमुर्धं. पण तू ते आधी ऐक असं का म्हणालास, त्यात विशेष काय, ते कळेना. चार वेळा ऐकलं. मग एक इयरफोन पॉलिशवालीला दिला. तिने बोळा काढला, इयरफोन घातला, आणि तिचा चेहराच बदलला.

"अगं, शीळ कोण घालतंय ही? गाण्याबरोबर? किती गोड! बघ, बघ, मधेच दम लागला त्याला."

मी म्हटलं, हो ना.

"आता पुन्हा पकडली त्याने. थांब... शेवटपर्यंत नेतोय की! एकही सूर सोडला नाही पोराने."

मी म्हटलं, बरोबर.

तेव्हा तिने इयरफोन काढला आणि माझ्या समोर येऊन बसली. "तुला ऐकू येत नाहीये," ती म्हणाली. विचारलं नाही, म्हणाली.

मला आठवतो तो दिवस. तू पुढच्या दोन दातांच्या फटीतून शीळ घालायला शिकला होतास आणि स्वतःच घातलेली संचारबंदी मोडून आख्खं गाणं शिळेवर वाजवलंस, आणि बाबा रागवायच्या ऐवजी ऐकत राहिले. ते टेपवर आहे. बाबांची शिंक मला येते. आईचं पातेलं येतं. ट्रक येतो. घरातलं जे जे जाड आहे ते सगळं येतं. तू येत नाहीस.

कानाच्या डॉक्टरांनी तीन वर्षांपूर्वीच सांगितलंय. एक आलेख काढून दिला. रेघ डावीकडून सरळ येते आणि मध्यावर कड्यावरून पाय घसरावा तशी खाली जाते. म्हणजे जाड आवाज येतात, बारीक जातात. डावा कान तर आता शोभेचाच. माणूस बोलतोय हे कळतं, काय बोलतोय ते निम्मं अंदाजाने भरायचं. समोर असला तर ओठांवरून लावता येतं. फोनला ओठ नसतात.

तीस वर्षं कवळ्या घासायचं मशिन कानापासून वीतभर अंतरावर किर्रर्र करतंय. कानात बोळे घालणाऱ्या नाजूक बाईला मी हसत होते, ते तुला लिहिलंच आहे. तिला शीळ ऐकू आली.

डॉक्टर म्हणाले कानात यंत्र घाला. मी म्हटलं, बघू. तुला यातला विनोद कळेल. लोकांच्या तोंडात खोटे दात बसवते मी. त्यांना सांगते, यात लाजायचं काय, चार दिवसांत सवय होईल, हसा बघू. आणि स्वतःच्या कानामागे शेंगेच्या दाण्याएवढं यंत्र लावायचं म्हटलं तर मी रस्ता बदलून जाते.

यंत्राऐवजी मी तीन शब्द घेतले. हो ना, बरोबर, छान. आलटूनपालटून वापरायचे. दहापैकी नऊ वेळा चालून जातात. लोकांना उत्तर नको असतं, समोरून आवाज हवा असतो. दहाव्या वेळी ससा घरी येतो.

किंवा त्या दिवसासारखं होतं.

तू फोन केलास. हळू बोलत होतास. मला वाटलं, नवं नाटक मिळालंय, त्याचं सांगतोयस. थांबत होतास मधे मधे. थांबलास की मी एक शब्द टाकायची. हो ना. मग तू पुन्हा बोलायचास. बरोबर. वीस मिनिटं. घाम फुटला होता मला, एक शब्द धड लागत नव्हता. 'कळत नाही, पुन्हा सांग' म्हणायचं जिभेवर होतं, पण तू आवाजातला माणूस, तुला लगेच समजलं असतं. मग तू बराच वेळ गप्प झालास, आणि माझी छानची पाळी होती.

सहा आठवड्यांनी मावशीकडून कळलं तू काय सांगत होतास ते. तेव्हा एक वाक्य पुरलं असतं. मी बहिरी झालेय, मला ऐकू आलं नाही. तेवढं सोडून मी म्हणाले की मला ती पसंतच नव्हती. होती रे. ती आली की आधी माझ्या लॅबमध्ये यायची, मास्तरांच्या, आमदारांच्या, कुणाकुणाच्या कवळ्या हातात घेऊन त्यांचे आवाज काढायची. मला ती फार आवडायची. पण बहिरी म्हणवून घेण्यापेक्षा दुष्ट म्हणवून घेणं मला सोपं गेलं. दुष्टपणाला निदान तरतरी असते.

त्यानंतर तू तीनदा फोन केलास. मी उचलला नाही. तुला वाटलं, राग. राग कसला? भीती होती.

आलेखाची प्रत सोबत ठेवली आहे. या सगळ्या पत्रांत खरं तेवढंच आहे.

ताई

२ एप्रिल

प्रिय खटक्या,

चार पानं! दोन्ही बाजूंनी! आणि एकही मुद्दा नाही. पहिलं पान शिव्यांचं आहे, ते दोनदा वाचलं. 'मूर्ख' या शब्दाखाली तू तीन रेघा मारल्यास. एक पुरली असती, पण असू दे, दोन वर्षांच्या साचल्या असतील. तिसऱ्या पानावर शाई पसरलीये, तिथे काय झालं होतं ते विचारत नाही.

सोमवारी मी यंत्र घालून घेतलं. उजव्या कानात. घरी येताना पायाखालची वाळू वाजत होती, मी दोनदा मागे वळून पाहिलं कोण येतंय म्हणून. कागद केवढा आवाज करतो रे! नळ, चमचा, माझी स्वतःची चप्पल. आणि लॅबमध्ये एक शोध लागला. पॉलिशवाली काम करताना गुणगुणते. दिवसभर. अठरा वर्षं गुणगुणत असणार. अत्यंत बेसूर. मी तिला तसं सांगितलं, तर ती म्हणाली, "तुला ऐकू येत नाही म्हणून तर गात होते!" आणि रडायला लागली. मग मीही.

सातवं पुन्हा लावलं. शीळ नाहीच आली. यंत्र बसवणारा म्हणाला, त्या टोकाचं जे गेलं ते गेलं, यंत्र असलेलं मोठं करतं, नसलेलं आणत नाही. मी त्याला आणखी दोनदा विचारलं. उत्तर तेच आलं, आणि ते मला नीट ऐकू आलं. तेव्हा तो विषय संपला. पॉलिशवाली सांगते तशी होती ती, एवढ्यावर मी राहीन.

पण बोलणं येतं. खोली शांत असेल, माणूस समोर बसला असेल आणि त्याच्या तोंडावर उजेड असेल, तर येतं. म्हणून पत्रात लिहिलंयस तसा रविवारी येशील तेव्हा खिडकीकडे तोंड करून बस. मी उजवा कान तुझ्याकडे करून बसेन. पंखा बंद ठेवावा लागेल, उकडेल, सहन कर. मावशीला बोलावलेलं नाही.

त्या वीस मिनिटांतलं मला फक्त एक वाक्य माहीत आहे, तेही मावशीच्या तोंडून. ती घर सोडून गेली. एवढंच सांगायला तुला वीस मिनिटं लागली नसणार. बाकीचं तू मला सांगितलंस आणि ते कुठेच पोचलं नाही, मधल्या मधे पडून राहिलं. ते मला सांग. पहिल्यापासून. थांबत थांबत सांगितलंस तरी चालेल, तू थांबलास तर मीही गप्प बसेन, मधे काही टाकणार नाही.

कळलं नाही तर मी 'परत सांग' म्हणेन. हा आठवडा मी हे दोन शब्द पॉलिशवालीवर म्हणून बघतेय. पहिल्या दिवशी एकदाच जमलं. काल एका दुपारीत सात वेळा म्हणाले, आणि सातही वेळा तिने परत सांगितलं.

तुझी,
ताई